दुसरी वाढ

खानावळवाल्या मावशींच्या पंगतीतून आजवर कुणी एका वाढीवर उठलं नव्हतं. "पुरे" हा शब्द त्यांना ऐकूच येत नसे. ताटावर आडवा धरलेला हात त्या अलगद बाजूला सारत. सुनेला सातवा महिना लागला तसा त्यांनी तिला खाऊ घालण्याचा चंगच बांधला.

मग एका दुपारी सुनेच्या बरगड्यांखाली कळ उठली ती थेट पाठीत गेली. उलट्या थांबेनात. मावशी म्हणाल्या, "अपचन आहे, थोडं सायीचं दूध देते." मुलाने ऐकलं नाही, बायकोला घेऊन तडक दवाखाना गाठला.

"स्वादुपिंडाला सूज आली आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पित्ताशयातला खडा नळीत अडकलाय. बाळाचे ठोके चांगले आहेत, पण आईची सूज वाढली तर दोघांनाही धोका. सध्या सलाईन. तोंडाने काही नाही."

"म्हणजे पातळ काहीतरी?" मागोमाग आलेल्या मावशींनी विचारलं.

"पाणीसुद्धा नाही."

"माझंच वाढणं बाधलं का हो?"

"गरोदरपणात असे खडे होतात, मावशी, ते तुमच्या नावावर नाहीत. मात्र आता काही भरवलंत, तर ते तुमच्याच नावावर मांडेन."

मावशींनी दाराशी स्टूल टाकलं. घरी जेवायलाही गेल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी विहीणबाई डबा घेऊन आल्या.

"दोनच घास. पोर सुकलीय माझी."

"डबा बाहेर ठेवा."

"हे तुम्ही सांगताय? लग्नात माझ्या भावाला उठता येईना इतकं वाढलंत."

"त्यांच्या पोटात बाळ नव्हतं. दिसत होतं, ते सोडा."

आतून सून हसली नि कण्हली. "आई, हसवू नका, दुखतंय. त्यापेक्षा एक घोट पाणी द्या. कुणाला कळणार नाही."

मावशी आत गेल्या, त्यांचा हात तांब्याकडे गेला. हाताला सवयच ती. त्यांनी तो मागे घेतला, कापूस ओला करून सुनेचे ओठ टिपले आणि खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

दोन दिवसांनी दुखणं ओसरलं. डॉक्टरीणबाईंनी चार चमचे पाण्याची परवानगी दिली. मावशींनी ते असे पाजले, जणू पहिल्यांदाच कुणाला वाढत होत्या. पाणी पोटात टिकलं. बाळाने ढुशी दिली.

"आई, अजून एक चमचा."

"पुरे," मावशी म्हणाल्या.

सगळी खोली त्यांच्याकडे बघायला लागली. विहीणबाईंनी त्यांना बाहेरच्या बाकावर नेलं, त्या दिवशीचा ताजा डबा उघडला नि वाढलं. मावशींनी पहिली वाढ भराभर संपवली आणि ताटलीवर हात आडवा धरला.

विहीणबाईंनी तो अलगद बाजूला सारला.