कापडी खांब

गुरुदत्त रेगे नेहमी खांबाला रेलून गात. अंबरनाथच्या त्या केमिकल कारखान्याच्या कला मंडळात याचं भारी कौतुक. "रेग्यांची ऐटच वेगळी. मानेची शीर हलत नाही, आणि खर्ज बघा कसा लागतो!" बदलापूरची हौशी पोरंसुद्धा त्यांचं पाहून खांबाला रेलून गायला लागली होती.

शीर हलायचं कारणच नव्हतं. गात असे ती खांबामागे बसलेली पद्मजा कारखानीस.

खांब बांबूच्या कामट्यांचा, वर रंगवलेलं कापड. मागे एक स्टूल, तंबोरा आणि चालू माइक. रेग्यांच्या पुढ्यातला माइक मुका. खांब डुलू नये म्हणून पद्मजा त्याला गुडघा लावून बसायची आणि तोंड उघडण्याआधी कापडावर आतून टिचकी मारायची. टिचकी लागली की रेग्यांनी ओठ हलवायचे. तिसऱ्या अंकापर्यंत त्यांच्या पाठीचा घाम कापडातून झिरपून तिच्या गुडघ्याला लागे. घरी गेल्यावर ती आधी गुडघा साबणाने धुई, मग हात.

असं अकरा वर्षं चाललं होतं, नऊ नाटकं. त्याबदल्यात तिच्या पदरात काय पडलं, हे तिला तोंडपाठ होतं: चार नारळ, एक स्टीलचा डबा, आणि "वहिनी, तुमच्याशिवाय पान हलत नाही" हे वाक्य, ते मात्र दर प्रयोगाला, न चुकता.

पद्मजा विठ्ठलवाडीच्या विष्णुपंतांकडे बारा वर्षं शिकली होती. बाकीच्या मुली काळी चारला गायच्या; हिचा आवाज काळी एकला, पुरुषांच्या पट्टीत, तिथेच खुलायचा. विष्णुपंत म्हणत, "बाई, तुझा आवाज जमिनीखालून येतो. कुणी वर ओढ म्हणालं तरी ओढू नकोस." आणि त्यानंतर जो भेटला तो हेच म्हणाला, वर ओढा. शाळेच्या गॅदरिंगमध्ये बाई म्हणाल्या, मंगळागौरीला सासूबाई म्हणाल्या. उल्हासनगरला लग्नाचा ऑर्केस्ट्रा चालवणाऱ्या लालवाणी शेठने निदान खरं कारण तरी सांगितलं. "बहेनजी, आवाज एक नंबर है. पर लडकीवालों को लगेगा दूल्हे का बाप गा रहा है."

मग १९८३ साली मंडळाला राजा मिळाला. रेगे दिसायला राजा, आवाज मात्र फाटक्या भोंग्याचा. ते पर्सोनेलमध्ये साहेब, आणि पद्मजाचे यजमान चिंतामणी त्यांच्याच हाताखाली. "अगं, एकदाच," चिंतामणी म्हणाले. "साहेबांना नाही कसं म्हणायचं?" पद्मजालाही वाटलं, खांबामागून का होईना, दरबारी राग त्याच्या खर्जाच्या जागी तर लागेल. त्या वाटण्याचीच तिला पुढे सगळ्यात जास्त किळस आली. रेग्यांच्या घामाचीसुद्धा तेवढी आली नाही.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत मंडळाने रेग्यांचा सत्कार ठरवला. 'गायक नट' म्हणून मानपत्र, शाल, आणि शेवटी त्यांच्याच तोंडून एक पद. तो जुना खांबही माळ्यावरून उतरवला. रेगे घरी आले, चहा प्यायले, बशीतली चकली हाताने मोडून परत बशीतच ठेवली.

"वहिनी, शेवटचं. एवढं पार पाडा."

"पाडते," पद्मजा म्हणाली. "पण पत्रिकेत माझं नाव छापा. पार्श्वगायन, सौ. पद्मजा कारखानीस. एक ओळ. बाकी शाल तुमची, मानपत्र तुमचं."

रेग्यांनी चिंतामणींकडे पाहिलं. चिंतामणींनी चकलीकडे पाहिलं.

"छापतो की," रेगे म्हणाले. "तुमच्या नावाला काय कमी करणार का आम्ही!"

शनिवारी संध्याकाळी हॉल भरला होता. एमआयडीसीच्या नाल्याचा सडक्या कांद्यासारखा वास उघड्या खिडक्यांतून आत येत होता आणि पहिल्या रांगेतल्या बायका अत्तराचे रुमाल नाकाशी धरून बसल्या होत्या. पद्मजा स्टुलावर बसली, ज्येष्ठमधाची काडी दाढेखाली धरली आणि तंबोरा लावला. मग पत्रिका उलगडली. पहिल्या पानावर रेग्यांचा मुकुटातला फोटो. मागच्या पानावर, मांडववाल्याच्या खाली आणि चहावाल्याच्या वर:

'नेपथ्य साहाय्य: सौ. कारखानीस.'

तिने ते दोनदा वाचलं. मग गुडघ्याकडे पाहिलं. खांब तीच धरायची, तेव्हा खोटं तरी कसं म्हणणार? माणसं एवढ्या बारकाईने हलकटपणा करतात, याचंच तिला नवल वाटलं.

चिंतामणी विंगेत उभे होते. तिने पत्रिका त्यांच्यापुढे धरली. "तुम्हाला माहीत होतं?"

"अगं, साहेब म्हणाले, नाव घेतलं तर मागच्या अकरा वर्षांचं काय सांगायचं? आणि बाईचा असा आवाज म्हटल्यावर लोक हसतील. तुझ्याच अब्रूसाठी..."

तिने पत्रिकेची घडी घालून त्यांच्या शर्टाच्या खिशात ठेवली, मागच्या दाराने बाहेर पडली, हॉलला वळसा घातला आणि पुढच्या दाराने येऊन शेवटच्या रांगेतल्या खुर्चीवर बसली. तिच्यामागे दारात वॉचमन हिंदुराव काठी टेकून उभा होता.

पडदा वर गेला. शाल घेतलेले रेगे झोकात आले, खांबाला अलगद टेकले आणि टिचकीची वाट पाहू लागले. पेटीवाल्याने सूर धरला. एकदा फिरवला, दुसऱ्यांदा फिरवला. टिचकी येईना. रेगे हसले. मग खोकले.

तेव्हा शेवटच्या रांगेतून खर्जातला षड्ज आला. माइक नाही, तंबोरा नाही. आधी खुर्चीच्या पत्र्याला जाणवावा आणि मग कानाला, असा. तिथून तो सावकाश दरबारीच्या गंधारावर गेला, तिथे डुलत राहिला आणि मग पदाच्या ओळीत उतरला.

तीनशे माना मागे वळल्या. पद्मजा तोंड उघडून गात होती, पण नजरा तिच्या डोक्यावरून मागे गेल्या. कोण गातोय?

"माझ्याकडं काय बगताव?" हिंदुराव ओरडला. "मी न्हाय! ह्या बाई!"

इकडे आवाज आला म्हणताना रेग्यांना हायसं वाटलं. त्यांनी डोळे मिटले, हात पसरला आणि ओठ हलवायला सुरुवात केली.

पद्मजाने ओळीच्या मधेच थांबायचं ठरवलं आणि थांबली.

रेगे थांबले नाहीत. चार-पाच क्षण ते नुसतेच तोंड उघडत-मिटत राहिले. शांतता लक्षात आली तेव्हा दचकून त्यांनी सगळा भार खांबावर टाकला. धरायला गुडघा नव्हता. खांब, राजा आणि शाल एकावर एक पडले. मागे दिसलं ते रिकामं स्टूल, तंबोरा, आणि लाल दिवा लागलेला माइक.

आता तरी, पद्मजाला वाटलं. एवढं ढळढळीत समोर आहे.

सगळ्या मंडळींनी ते स्टूल पाहिलं. त्यांतली निम्मी रेग्यांच्या हाताखाली कामाला होती. मग पहिल्या रांगेतल्या उमाताई प्रधान वळल्या, नाकावरचा रुमाल काढला आणि कौतुकाने म्हणाल्या, "काय हो वहिनी! अगदी रेगेसाहेबांसारखा आवाज काढता! आम्हाला ठाऊकच नव्हतं."

"खरंच की, हुबेहूब!" दुसरी म्हणाली. हॉलभर सुटकेच्या टाळ्या वाजल्या.

 पद्मजाने दाढेखालची चोथा झालेली काडी काढली आणि खुर्चीखाली टाकली.

"हो ना," ती म्हणाली. "अकरा वर्षं काढतेय."

उमाताई हसल्या. मग त्यांचं हसणं जरा अडखळलं, पण तोवर पद्मजा उभी राहिली होती. टाळ्या संपायची वाट न बघता तिने ओळ सोडली होती तिथूनच उचलली, त्याच काळी एकमध्ये, तसूभरही वर न ओढता.