एक भोक, दोन टीव्ही

सहा वर्षं आमच्या घरातला टीव्ही भिंत लावत होती.

म्हणजे असं. भिंतीपलीकडे काका राहतात, बाबांचे धाकटे भाऊ. एकटेच. लिफ्ट दुरुस्त करतात. अडकलेल्या माणसांना बाहेर काढणं हा त्यांचा धंदा. सहा वर्षांपूर्वी त्यांनी फळी बसवायला भिंतीला ड्रिल लावलं, जोर अंमळ जास्त झाला आणि ड्रिल आमच्या हॉलमध्ये निघालं. तेही कुठून, तर आईबाबांच्या लग्नाच्या फोटोतून. बाबांच्या कपाळातून. बाबांचं फोटो फ्रेमचं दुकान आहे, काच त्यांनी स्वतः कापलेली. काका म्हणाले, "दादा, एवढंसं भोक, त्यात काय!" बाबा त्यावर जे बोलले, ते शेवटचं. फोटो त्यांनी उतरवला नाही. पुरावा म्हणून राहू दिला.

पुढच्याच महिन्यात काकांनी केबलची जोडणी मागितली. केबलवाल्याला भांडणाचा पत्ता नव्हता. आयतं भोक दिसलं, त्यानं त्यातून वायर सारली आणि काकांचा टीव्ही आमच्याच सेट-टॉप डब्यावर जोडून दिला. 'नको' म्हणायचं तर एकमेकांशी बोलावं लागलं असतं, म्हणून दोघंही गप्प राहिले. तेव्हापासून आमच्याकडे जे लागेल तेच काकांना दिसायचं, बाबांच्या कपाळातून. काकांना बदल हवा असला की भिंतीवर ठोका. एक ठोका बातम्या, दोन मॅच, तीन म्हणजे जाहिराती चालू आहेत, झोपलात का. बाबा तोंडानं "मरू दे त्याला" म्हणायचे आणि हातानं चॅनेल बदलायचे.

मी पंचवीस वर्षांचा आहे. दिवसभर एका कंपनीच्या तक्रारींच्या फोनवर बसून लोकांच्या शिव्या खातो आणि "गैरसोयीबद्दल क्षमस्व" म्हणतो. घरी आल्यावर मला मगरींची मालिका बघायची असते. बाकी आयुष्याकडून मागणं नाही. मगर हरणाचा पाय धरते आणि भिंतीतून ठक ठक. मॅच. सहा वर्षांत एकाही हरणाचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही.

शनिवारी बाबा दुकानात होते. मी टीव्हीमागे खोचायची ती इंटरनेटवाली स्टिक आणली, केबलवाल्याला बोलावून डबा त्याच्या हवाली केला आणि भोकातून वायर ओढली. पलीकडून जरा अडली, मग आली. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

संध्याकाळी बाबा आले. चप्पल काढायच्या आधी त्यांनी फोटोकडे पाहिलं.

"वायर कुठाय?"

"काढली. आता काय हवं ते बघा, हवं तेव्हा बघा."

"आणि तो?"

"कोण तो?"

"तो!" काकांचं नाव ते घेत नाहीत, भिंतीकडे हनुवटी उडवतात. "काळा पडला असेल ना त्याचा टीव्ही."

"मरू दे त्याला," मी म्हणालो.

बाबांनी माझ्या पाठीत धपाटा घातला. पंचवीस वर्षांच्या, नोकरीला असलेल्या माणसाच्या पाठीत.

"ते मी म्हणायचं! मी! रोज भिंतीतून ठोका येतो, म्हणून कळतं की आहे बाबा, आहे जिवंत, जेवला असेल. मला तेवढंच आहे. ते तू डब्यात घालून देऊन टाकलंस?"

मी केबलवाल्याला फोन लावला, म्हटलं पहिल्यासारखं जोडून द्या. "एका डब्यावर दोन टीव्ही?" तो ओरडला. "कुठल्या मूर्खानं जोडून दिलं होतं?" मी म्हणालो, "तुम्ही." त्यानं फोन आपटला.

तीन दिवस पलीकडून ठोका आला नाही. बाबा भिंतीकडे तोंड करून जेवले, तिन्ही दिवस. चौथ्या दिवशी मी हात टेकले.

"बाबा, काकांना आपला पासवर्ड दिला तर ते मोबाइलवर आपलंच सगळं बघू शकतील. जाऊन सांगू?"

"त्याच्या दारात आपल्या घरातलं कुणी जाणार नाही."

"भोकातून चिठ्ठी सारू?"

"चिठ्ठी म्हणजे बोलणं झालं."

"आणि ठोकणं?"

"ठोकणं म्हणजे ठोकणं," म्हणाले आणि दुकानातली हातोडी काढली.

पासवर्डात किमान आठ अक्षरं लागतात, त्यात एक मोठं, एक आकडा, एक चिन्ह. पहिलं अक्षर इंग्रजी वर्णमालेतलं एकविसावं होतं, म्हणून एकवीस ठोके. मोठं अक्षर, म्हणून जोरात. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "ह्या बापलेकांना एकदमच न्या कुणीतरी डॉक्टरला दाखवायला." पाचव्या अक्षरापर्यंत फोटो खाली पडला होता. @ ह्या गोल शेपटीच्या चिन्हासाठी बाबांनी हातोडी भिंतीवर गरागरा घासली, दम लागला, तेव्हा भिंतीला कपाळ टेकून विव्हळले.

तेवढ्यात दार धडाधडा वाजलं. मी उघडलं. काका. अनवाणी, बनियनवर, डोक्यात पांढरा गिलावा.

"काय झालं दादाला? अटॅक आला ना? गाडी बोलावली?"

बाबा हातोडी घेऊन वळले. "पासवर्ड सांगतोय, गाढवा!"

काकांनी डोक्यातला गिलावा झटकला. मग पेटले.

"हा पासवर्ड? मला वाटलं, जमिनीवर पडून हातपाय झाडतोयस! धावताना चपला सुटल्या माझ्या! तीन दिवस टीव्ही बंद ठेवलास, म्हटलं आता संपलं, ह्याला आपलं तोंड काय, ठोकाही नकोय!"

"मी नाही बंद केला! ह्यानं केला!"

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. सहा वर्षांत पहिल्यांदा त्यांचं एकमत झालं होतं.

"काका," मी म्हणालो, "घ्या की पासवर्ड. तुमचं तुम्ही बघाल, स्वतंत्रपणे."

"मला स्वातंत्र्य कमी पडलंय का रे? घरात काळं कुत्रं नाही! एकट्यानं बसून पंचाला शिव्या घालू? कुणाला ऐकू जाणार?"

"मग ये की इथं," बाबा गरजले. "कुणी धरलंय तुला?"

"बोलावलंस कधी?"

"भोक पाडून आलास तेव्हा बोलावलं होतं?"

"सहा मिलिमीटरचं भोक!"

"माझ्या कपाळात!"

"फोटोत रे, फोटोत!"

दोन तास चाललं. आजोबांची सायकल निघाली, शाळेतली मार्कं निघाली. मधे कुणीतरी मॅच लावली. बहुतेक मीच. भांडण न थांबवता दोघं सोफ्यावर बसले आणि फलंदाजावरून नव्यानं जुंपली. आईनं दोन ताटं आपटून पुढ्यात ठेवली आणि मला म्हणाली, "सहा वर्षं कानाला सुख होतं. तुला कुणी सांगितली होती अक्कल चालवायला?"

मॅच हरल्यावर काका उठले. "परत पाय ठेवणार नाही ह्या घरात."

"ठेवूच नकोस."

काका दारात थांबले. "उद्याची कितीला आहे?"

"साडेसहाला."

"सहाला येतो. नाणेफेक चुकली तर तुझ्याकडे बघून घेईन."

आणि दार असं आपटून गेले की वरची कडी निखळून लोंबायला लागली.

बाबांनी कडी हातात घेतली, खालीवर करून पाहिली. "बघ," मला म्हणाले, "दार मोडलं. उद्या येऊ दे, सोडत नाही त्याला."