धक्क्यावर उरलेला मृदंग

मी एक जुना मृदंग आहे, मित्रांनो. वेळणेश्वरच्या एका घराच्या माळ्यावर धूळ खात पडलो आहे. उंदरांनी माझ्या कातडी वाद्या कुरतडल्या, तोंडावरच्या शाईला तडे गेले. पण आज मी रडगाणं गायला बसलेलो नाही. वाटेत भेटलेली अनोळखी माणसं आयुष्याला कुठून कुठं नेऊन सोडतात, तेवढं तुम्हांला सांगायचं आहे.

जन्मानं मी फणस. गणपतीपुळ्याच्या अलीकडच्या एका गावात रावजी गुरवाच्या परसात उभा होतो. एका वादळात आडवा झालो. माझं खोड सुकलं तेव्हा त्याचा उंबरठा करायचं ठरलं, सुतारालाही निरोप गेला. त्याच दिवशी वाद्यं करणारा एक वाटसरू पाणी मागायला अंगणात आला. पाणी पिता पिता तो माझ्यावर टेकला आणि त्यानं सहज मला बोटानं ठोकून पाहिलं.

"उंबरठा कसला करताव? ह्यो बोलणारा हाय," तो म्हणाला.

त्या माणसाला तिथंच तहान लागली नसती, तर मी जन्मभर लोकांचे पाय झेलत राहिलो असतो.

त्यानंच मला कोरून मृदंग केला, आणि रावजी मला देवळात वाजवू लागला. पुढं एका उत्सवात आप्पाबुवा कीर्तनाला आले, आणि नेमका त्यांचा मृदंगवाला तापानं फणफणला. आयत्या वेळी रावजी मला गळ्यात अडकवून उभा राहिला. उत्तररंगात, आख्यानात, द्रौपदीनं धावा केला तेव्हा बुवा गायचे थांबले आणि मागं वळून आमच्याकडं बघतच राहिले. सभामंडपात माझ्या घुमाऱ्याशिवाय दुसरा आवाज नव्हता. बाया डोळ्यांना पदर लावत होत्या. "गुरवा, हा हात तुझा नव्हे, देवाचा आहे. चल माझ्याबरोबर," बुवा म्हणाले, आणि आम्ही निघालो. काय सांगू ते दिवस! प्रत्येक गावात आधी माझी पूजा व्हायची, मग बुवांना हार.

एका वर्षी बुवांचा चातुर्मास मुंबईत ठरला. ते आधीच गेले होते. आम्ही जयगडच्या धक्क्यावर पावसाळ्यापूर्वीची शेवटची आगबोट धरायला उभे होतो. बोट खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं पडावातून, म्हणजे शिडाच्या होडीतून, तिच्यापर्यंत जायची. पडावाचा तांडेल केरू मोठा जिभेचा तिखट.

"रावजी, तुझ्या ह्या लेकाला माणसाची जागा लागते. ह्याचं तिकीट काढलंस काय?" सगळे हसले. आम्ही बसलो, पडाव भरला.

तेवढ्यात डोक्यावर बोचकं घेतलेली एक तरुण बाई धापा टाकत आली. "तांडेलदादा, मला घ्या हो! धनी मुंबईत तापानं पडल्येत. ही बोट गेली तर पावसाळाभर बंदर बंद."

"जागा नाय गो बाय." केरूनं आमच्याकडं पाहिलं. "रावजी, मृदंग ठेव धक्क्यावर, हिला घेतो."

"मृदंग ठेवून बुवांच्या मागं काय टाळ्या पिटू?" रावजीनं मला उराशी धरलं. मग उठलाच. "मीच उतरतो. बस गो तू. कोणाची तू?"

"वेळणेश्वरच्या गंगुबाईची राही."

चढताना तिचा पाय मला लागला. तेवढ्या घाईतही ती वाकली आणि मला हात लावून तिनं तो कपाळाला लावला.

"पाया मुंबईत पड गो!" केरू ओरडला. पडाव सुटला.

खाडीच्या तोंडाशी वारा अचानक फिरला. शीड उलटं भरलं. आमच्या डोळ्यांदेखत पडाव कलंडला आणि पालथा झाला. धक्क्यावरच्या होड्या धावल्या. काही माणसं हाती लागली. केरू मिळाला नाही. राहीही मिळाली नाही.

लोकांनी मला कुंकू लावलं. "रावजी, मृदंगानं तारलं तुला! आणि जागा दिलीस त्याचं पुण्यही गाठीला." रावजी दयेनं उतरला की माझ्या मायेनं, हे आम्हां दोघांनाच ठाऊक होतं. राही पडावात होती हे तिच्या माणसांना कळवणारं दुसरं कुणी नव्हतं. तो घरी गेला असता तर कुणी त्याला विचारलंही नसतं. त्यानं मला पाठीला बांधलं, तरीतून खाडी ओलांडून पलीकडं तवसाळला उतरला आणि वेळणेश्वरची वाट धरली.

राहीची आई गंगुबाई अंगणात आमसुलं वाळत घालत होती. हात कोपरापर्यंत लाल. अनोळखी माणूस बघून तिनं आधी गूळपाणी पुढं केलं. रावजीनं राहीचं नाव काढताच तिचा चेहरा उजळला.

"भेटली तुला? बोट गावली तिला?"

"पडावात बसली, मावशी."

"जागा मिळाली म्हणायची!"

"माझी दिली."

"देव तुझं भलं करो रे बाबा," ती म्हणाली.

तो आशीर्वाद ऐकून रावजीनं हातातलं गूळपाणी तसंच खाली ठेवलं. मग त्यानं बाकीचं सांगितलं, तिनं मला केलेला नमस्कारही.

गंगुबाई हातातलं आमसूल चुरत राहिली. "कशाला आलास?" ती एकदम ओरडली. "ती मुंबईत हाय असं समजून मी सुखानं मेले असते!" मग तिची नजर माझ्यावर गेली आणि ती हळू आवाजात म्हणाली, "पाय लागला म्हणून पाया पडली, नाय? तशीच होती ती. वाजव. तिच्या नावानं वाजव."

माझ्या डाव्या तोंडाला गव्हाची कणीक लावल्याशिवाय मी घुमत नाही. त्या घरात गहू कुठला? गंगुबाईनं तांदळाचं पीठ भिजवून आणलं. ते धरेना, थापेसरशी गळून पडे. मी फुटक्या मडक्यासारखा वाजत होतो. गंगुबाईनं नामाचा गजर धरला, शेजारणी येऊन बसल्या, आणि कुणीही थांब म्हणालं नाही.

रावजी मला तिथंच ठेवून गेला. पुन्हा कुणाच्या कीर्तनात तो उभा राहिला नाही. दरवर्षी आगोटीला, पावसाच्या तोंडाशी, यायचा, तिच्या घराचं छप्पर शाकारून द्यायचा आणि मला वाजवायचा. एका वर्षी तो आला नाही. गंगुबाई तिन्हीसांजेपर्यंत पायरीवर बसून होती. तो आजारी की वारला, हे सांगायला त्याच्या गावाहून कुणीच आलं नाही. पुढं तीही गेली.

मित्रांनो, माझ्या वाद्या बदला असं मी म्हणत नाही. धक्क्यावर, तरीत, देवळाच्या पायरीवर कुणी अनोळखी शेजारी बसला, तर त्याचं नाव विचारा, गाव विचारा. आणि वेळ आलीच, तर त्याची खबर घेऊन त्या गावापर्यंत चालत जा. तिथं कुणीतरी पायरीवर बसलेलं असतं.