चैत्रातली घोंगडी

भर चैत्रात, पत्रा तापून तडतडत असताना, आमच्या मालकांनी पाहुण्यांसमोर घोंगडी मागितली. माझी जाऊ बनाबाई जतवरून भेटायला आली होती. ती पदरानं वारा घेत बसलेली आणि हे खाटेवरून म्हणतात, "हरणे, घोंगडी टाक अंगावर. गारठलो."

चार दिवस हेच चाललं होतं. मी चौथी शिकलेली बाई, पण घरची लाज कशी राखायची ते मला कुणी शिकवावं लागलं नाही. ताडकन बोलले, "आवं, माणसं उन्हानं करपाय लागल्यात आन तुमची ही काय थेरं?"

संक्रांतीपासून त्यांची उजवी बाजू लुळी पडलेली. डाव्या हातानं चादर हनुवटीपर्यंत ओढली आणि भिंतीकडे बघत राहिले.

भिंत नवी रंगवलेली होती. आमचा धनाजी सांगलीत पेंटर आहे. पाडव्याला आला तो निळ्या रंगाचा डबा घेऊनच. "आई, ह्यो थंड रंग हाय. बंगलेवाली मुद्दाम मागून घेत्यात. अप्पास्नी उन्हाळा जाणवायचा न्हाई." चारही भिंती निळ्या झाल्या. सुनेनं खिडकीला पडदाही निळाच शिवला. उंबरा ओलांडला की जो तो म्हणायचा, "काय गारवा हाय वो!" मग मी मिरवायचे. कारण नसताना शेजारणींना आत आणून बसवायचे.

बनाबाईही आल्या आल्या तेच म्हणाली होती. जाताना मात्र दारात उभी राहून, चांगलं चार घरांना ऐकू जाईल असं बोलली, "भावजींचं डोस्कं गेलं गं बाई."

ज्या माणसाच्या शब्दावर दीडशे मेंढरं आणि सात बिऱ्हाडं मुक्काम हलवायची, त्या माणसाचं डोकं. भुईवर तळवा टेकून, वारा हुंगून ते म्हणायचे, "आज हितं उतरायचं न्हाई," आणि का म्हणून कुणी विचारत नसे. आता स्वतःच्या घरात त्यांना थंडी वाजते, हे कुणी मानत नव्हतं. मीही नाही.

धनाजीनं डॉक्टरला विचारून गोळ्या पाठवल्या. डोकं शांत राहील म्हणे. एक दिली, तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माणूस शुद्धीत नाही. तोंडातून लाळ, डोळे अर्धे उघडे. जागे झाले आणि पहिला शब्द, "हरणे, उजाडलं का?"

तेव्हा दोन वाजले होते.

"रोज एक द्यायची," धनाजी फोनवर म्हणाला. "हुईल सवय त्येस्नी."

सवय कशाची, हे त्याला विचारायला हवं होतं. विचारलं नाही. पाकीट पिठाच्या डब्यामागं सारलं.

आमची सून स्वप्नाली कमी बोलते, पण डोक्यानं नीट आहे. कोंबड्यांच्या शेडमधला थर्मामीटर ती घेऊन आली. "आत्याबाई, खोली किती गार हाय ती बघू तर खरं." अर्धा तास खोलीत टांगला, अर्धा तास बाहेरच्या सोप्यात. आकडे मला वाचता येतात. खोलीत एकोणचाळीस. सोप्यातही एकोणचाळीस.

"आन सोप्यात हुतं तवा मामा पंखा मागत हुतं," सून हळूच म्हणाली. खरंच. रंग वाळेपर्यंत दोन दिवस त्यांची खाट सोप्यात होती. घोंगडीचं नाव काढलं नव्हतं.

मी खाली बसले. म्हणजे आम्हाला लागत होता तो गारवा तरी कुठं खरा होता? बनाबाईला गार वाटलं, तर तिला कुणी गोळी दिली नाही.

मग त्यांच्या खाटेला लागून भुईवर आडवी झाले. सून बघत होती, बघू दे म्हटलं. बाजूला निळं, समोर निळं, पडद्यातून येणारा उजेडसुद्धा निळा. आणि ती वेळ आठवली. लग्न होऊन आले तेव्हा वर्षातले आठ महिने आम्ही रानातच. कराडच्या अंगाला कुणाच्या तरी वावरात मेंढरं बसवलेली. सूर्य वर यायच्या आधी सगळं रान असंच निळं व्हायचं आणि दिवसातली सगळ्यात वाईट थंडी तेव्हाच पडायची. पावसात भिजलेली कोकरं रात्रभर तग धरायची आणि त्या निळ्यात मरायची. एका पहाटे एकोणीस गेली. हे दोन कोकरं घोंगडीत छातीशी धरून बसले होते आणि सारखं मला विचारत होते, "हरणे, उजाडलं का?"

मी उठले. घोंगडी काढून त्यांच्या अंगावर टाकली. गोळ्यांचं पाकीट सुनेच्या हातात दिलं. "तुझ्या नवऱ्याला परत दे. आन त्याला म्हणावं, रंग बदल, उगवतीचा तांबडा मार."

धनाजी फोनवर तापला. "आई, तांबडं मारलं तर भट्टी हुईल खोलीची! पेंटरचं घर म्हणून लोक मला हसत्याल."

"मला हसली की चार दिस. तू बी सोस."

त्यांना परत सोप्यात ठेवता आलं असतं. पण येणाऱ्याजाणाऱ्यासमोर त्यांचं धोतर बदलायचं, ते मला चालणार नव्हतं. दुकानातून तांबडी काव आणली, डिंकाच्या पाण्यात कालवली. टँकर येऊन दोन दिवस झालेले, तरी पाण्याला मागंपुढं बघितलं नाही. जुन्या लुगड्याचा बोळा करून त्यांच्या नजरेसमोरची एक भिंत सारवून काढली. माझा हात पोचला तिथवर मी, त्याच्या वर स्टुलावर चढून सुनेनं. तरी वर एक पट्टा निळा राहिलाच. पडदा ओढून काढला. ऊन सरळ भिंतीवर आलं.

रविवारी धनाजी आला. उंबऱ्यातच थांबला, कपाळ पुसलं. "आई, काय केलंस गं ह्ये! उभं ऱ्हाववत न्हाई हितं."

मालक भिंतीकडे बघत होते. मग डावा हात हलला. त्यांनी घोंगडी छातीवरून ढकलली, पोटावरून ढकलली. ती घसरून खाली पडली. गळ्याशी घाम चमकत होता.

"उजाडलं," ते म्हणाले. या वेळी विचारलं नाही, सांगितलं.

मी घोंगडी उचलली, झटकली, घडी घातली. आणि पोरासुनेच्या देखत, दारातल्या शेजारणींनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "आवं, थंडी खरी हुती. म्या खोटी पाडली, माझं चुकलं. हवेतलं तुमालाच कळतंय."