घोट गिळल्यावर

माझ्या डोळ्यांची शपथ, यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटा निघाला तर उद्यापासून बिनसाखरेचा चहा पिईन, मग तर झालं?

तर एक होती चाखणारी. तिच्या मामाच्या कारखान्यात पाल्यामुळ्यांचे चहा बनायचे, आणि कशात पुदिना किती, सुंठ किती, हे ती ठरवायची. नाक असं तिखट की बंद डब्यातली लवंग जिना चढतानाच ओळखेल. पण जिनसेंग नावाच्या परदेशी औषधी मुळाने तिला पार रडकुंडीला आणलं होतं. तीन मिश्रणं झाली, तिन्ही चाखून मामाने तोंड वाकडं केलं. "हा चहा आहे की न धुतलेल्या बटाट्यांचं पाणी?"

आज चौथं. हेही फसलं तर चाखायचा चमचा आपल्या जावयाच्या हातात जाणार, असं मामाने स्पष्ट सांगून टाकलं होतं. आणि जावई कोण, तर दिसेल त्या चहात स्ट्रॉबेरीचा वास ओतणारा माणूस!

सकाळी टेबलावर पांढऱ्या वाट्यांची रांग लागली. चमचाभर घ्यायचा, सुर्रकन ओढायचा, जिभेवर घोळवायचा आणि पचकन बादलीत थुंकायचा. चाखणाऱ्यांची रीतच ती. दिवसाला साठ वाट्या, गिळत बसलं तर पोटाचा माठ होईल. तिने ओढला, थुंकला. माती. वर कडवटपणा. लोक हे मुळाचं पाणी हौसेने पितात तरी कसे?

वळून बघते तर फरशी पुसायला आलेली काकू उरलेली वाटी संपवून दुसरीला हात घालत होती.

"काकू, एका वाटीने शिक्षा पुरली नाही का?"

"अगं, आत्ता कुठे गोड लागायला लागलंय."

"गोड? साखरेचा कण नाही त्यात!"

"मग तुझी जीभ रजेवर गेली असेल. घोट खाली उतरू दे, दम धर, घशातून वर येतं बघ."

चाखणारी जागच्या जागी थबकली. अकरा वर्षांत तिने या टेबलावरचा एकही घोट गिळला नव्हता.

तिने वाटी उचलली आणि घोट गिळला. माती. कडू. मग काहीच नाही. आणि मग, मागून कुणी हळूच हाक मारावी तसा, घशातून गोडवा वर आला. जिभेच्या मुळाशी जरासा रेंगाळला आणि गेला. लगेच वाटलं, आणखी एक घोट घ्यावा. अरेच्चा, गंमत इथे लपलीय होय!

तेवढ्यात मामा आला, मागोमाग जावई. मामाने चमचाभर चहा ओढला, गाल हलवले आणि बादलीकडे वळला. बादली चाखणारीच्या पाठीमागे!

"म्म्! म्म्म्!"

"गिळा, मामा. मग काय ते बोला."

जावई बादलीकडे धावला, तर काकूने ओला पोछा आडवा धरला. मामाने डोळे वटारले, नाइलाजाने गिळलं, आणि ओरडायला तोंड उघडलं.

"अक्कल आहे का तुला, हे असलं..." हात घशाशी गेला. "थांब जरा." मामा छताकडे बघत उभा. "हे काय येतंय वर?"

"जिनसेंग येतोय, मामा."

"आण पुन्हा."

"आणि चमचा?" जावयाने विचारलं.

"चमचा तिच्याकडेच. तू पाकिटावर लिहून काढ, घोट घेऊन जरा थांबा म्हणून."

मग मामाने उभ्या उभ्या सतरा वाट्या रिचवल्या. बरं बाई, सतरा नाही, पाच. बारा माझ्या पदरच्या. बाकी सगळं खरं!