बघू

नेलिदाने झऱ्यात बाटली बुडवली, बूच घट्ट लावलं आणि ती रोसालिया मॅडमच्या हातात दिली. मॅडम पेरूच्या राजधानीत, लिमाच्या विद्यापीठात जलसंवर्धन शिकवायच्या आणि नेलिदाच्या वर्गाला घेऊन या डोंगरातल्या गावात आल्या होत्या. दुभाष्या विल्बरकडे वळून त्या म्हणाल्या, झरा किती पाणी देतो ते गावाला ठाऊक आहे का, विचार.

विल्बरने क्वेचुआत, डोंगरातल्या लोकांच्या भाषेत विचारलं. त्याची ती भाषा शिकवणीतली होती, इस्त्री केल्यासारखी. काठावर एउलोखिया आजी लोकर कातत उभी होती. चाती न थांबवता ती म्हणाली,

"हिनं कधी आपल्या आईला विचारलं होतं का, तू दूध किती देतेस म्हणून?"

बायका खिदळल्या. नेलिदाही हसली, चांगली दात दाखवून. मग विल्बरने स्पॅनिशमध्ये सांगितलं, "आजी म्हणतात, झरा आम्हाला आईसारखा आहे." मॅडम गहिवरल्या आणि बाकीच्या मुलांनी ते वाक्य टिपून घेतलं. नेलिदा खाली वाकून बुटाची नाडी बांधत बसली. आपण आधीच हसलो ते कुणाच्या लक्षात आलं नाही, असं तिला वाटलं.

तिचं गाव दोन डोंगर पलीकडे होतं. आईच्या पाठीवरच्या झोळीत ती जी भाषा शिकली ती हीच. पण पहिल्या वर्षी प्रयोगशाळेत तिने चंबू 'मेसा'वर म्हणजे टेबलावर ठेवा म्हणायच्या ऐवजी 'मिसा'वर ठेवा म्हटलं होतं. मिसा म्हणजे चर्चमधली प्रार्थना. डोंगरातल्या माणसाच्या तोंडात ए आणि इ एकमेकांच्या जागा घेतात, त्याला ती काय करणार? मुलं मात्र वर्षभर तिला पाहिलं की हात जोडून आमेन म्हणत. तेव्हापासून नेलिदा इका शहरची झाली, समुद्राकडची. क्वेचुआ आपल्याला ओ की ठो कळत नाही, असं ती सांगे. दुभाष्या ठरवताना मॅडमनी वर्गात विचारलं होतं, तेव्हाही ती खिडकीबाहेर बघत बसली होती.

दुपारी शाळेच्या अंगणात सभा भरली. झऱ्याभोवतीची ओलसर गवताळ जमीन जनावरांच्या खुरांनी उकरली जाते, पाणी आटत चाललंय. तिला तारेचं कुंपण घातलं तर ती पुन्हा पाणी धरेल, असं मॅडमनी समजावलं. त्यात खोटं काही नव्हतं. खांब आणि तार ट्रकमधून आलेच होते. पण सुक्या महिन्यांत गावातल्या लोकर देणाऱ्या अल्पाकांना पाणी प्यायला तेवढी एकच जागा होती आणि ते मॅडमना कुणी सांगितलं नव्हतं. गावचा पाटकरी, पाणी वाटून देणारा सातुर्निनो उठला. त्याने टोपी काढली, मान खाजवली, डोंगराकडे पाहिलं.

"बघू," तो म्हणाला.

अंगणातल्या सगळ्यांना अर्थ कळला. लहान पोरांनासुद्धा कळलं. पाहुण्याला तोंडावर नाही म्हणायचं नसतं, म्हणून हा शब्द असतो.

"ते म्हणतात, आम्ही बघू," विल्बरने सांगितलं. "म्हणजे कुंपणाची देखभाल गाव करेल."

मॅडमनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्या टाळ्या पाहून गावानेही वाजवल्या, कारण ते रीतीला धरून होतं. नेलिदाच्या जिभेवर शब्द आला होता. उठून एवढंच म्हणायचं होतं की मॅडम, हा नकार आहे. पण तिला ते जोडलेले हात दिसले, आमेन ऐकू आलं, आणि तिनेही टाळ्या वाजवल्या. स्वतःच्या तळहातांची तिला किळस आली.

निघताना एउलोखिया आजी उकडलेले बटाटे फडक्यात बांधून गाडीपाशी आली. प्रत्येकाला बटाटा देत ती तिला येणारा एकमेव स्पॅनिश शब्द म्हणत होती, घ्या, घ्या. नेलिदाच्या हातावर तिने दोन ठेवले, आणि क्वेचुआत हळूच विचारलं,

"कुणाची गं तू?"

नेलिदाने मान हलवली. "मला समजत नाही," ती स्पॅनिशमध्ये म्हणाली.

"हसताना समजत होतं," आजी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने फडकं झटकलं आणि ती बाजूला झाली.

गाडी सुटली. मागे अंगणात ट्रकमधून खांब उतरवत होते, उद्या खड्डे घ्यायचे होते. नेलिदाच्या हातात बटाटे गरम होते. ती पुढे सरकून मॅडमच्या आसनापाशी उभी राहिली.

"मॅडम, ते नाही म्हणालेत."

"कोण?"

"गाव. बघू म्हणजे नाही. अल्पाकांना दुसरीकडे पाणी नाही. मला त्यांची भाषा येते. माझी आहे ती."

बोलताना तिचा ए पुन्हा घसरून इ झाला. या वेळी कुणी हसलं नाही. विल्बरचे कान लाल झाले आणि तो बाहेर बघू लागला. मॅडमनी चष्मा काढून पुसला. गेल्या वर्षभराचं काम, ट्रक, तार, हे सगळं त्या पुसण्यात होतं.

"हे तू आत्ता सांगतेस?" त्या म्हणाल्या. मग अगदी मायेने, "बरं. बस जागेवर. बघू."

नेलिदा बसली नाही. तिने ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवून गाडी थांबवायला सांगितलं.

"काही विसरलीस का?" त्याने विचारलं.

"मागे एका आजींनी विचारलं होतं, मी कुणाची," ती म्हणाली. "सांगायचं राहिलंय."