एव्हान्थियाबाईंनी धुतलेली पिशवी

मित्रांनो, मी एक जुना सापळा आहे. उंदरांचा नव्हे, डासांचा! एक नळकांडे, एक पंखा आणि खाली जाळीची पिशवी, एवढाच माझा संसार. पण काम मोठे. डासांतून नवा विषाणू गावात शिरतो आहे का, हे माणसांना ताप येण्याआधी माझ्यामुळे कळते. ग्रीस, बल्गेरिया आणि सर्बियातले संशोधक आम्ही पकडलेले डास तपासतात आणि एकमेकांना कळवतात.

ग्रीसमधल्या थेस्सालोनिकी शहराच्या प्रयोगशाळेत मला जोडले आणि आक्सिओस नदीकाठी, भातखाचरांजवळ एव्हान्थियाबाईंच्या अंगणातल्या अंजिराच्या झाडाला टांगले. दर पंधरवड्याला अर्गिरो नावाची संशोधक संध्याकाळी मला सुरू करी आणि सकाळी पिशवी नेई.

एका उन्हाळ्यात सर्बियात विषाणू सापडला. माझी पिशवी मात्र दोनदा रिकामी गेली. "तुमचा सापळा म्हातारा झालाय," असे तिकडून फोन आले. मला फार अपमान वाटला. मी तर पोटभर डास धरले होते! पण अर्गिरो येण्याआधी एव्हान्थियाबाई पिशवी साबणाने धूत, वाळवत आणि घडी करून ठेवत. डास नाहीत म्हणून गाव फवारणीच्या यादीतून गळले. बाईंचे यजमान पांतेलिस मूत्रपिंडाच्या दुखण्याने खंगलेले. ते रोज संध्याकाळी उघड्या हातापायांनी ओट्यावर बसत. हा ताप त्यांना झेपला नसता, आणि मला बोलता येत नव्हते.

तिसऱ्या खेपेला अर्गिरो तासभर लवकर आली. पिशवी दोरीवर वाळत होती.

"मावशी, हे काय केलंत?"

"धुतली! तू पाहुणी, शिकलेली पोर. तुझ्या हातात मेलेले डास देऊ? गाव काय म्हणेल मला?"

"अहो, ते डास न्यायलाच येते मी!"

"चाळीस वर्षं माझी टोपी अशीच धुतेय," पांतेलिस ओट्यावरून म्हणाले. "विचारायची पद्धतच नाही हिला."

अर्गिरो हसली नाही. "मावशी, त्या डासांत विषाणू असला तर आधी काकांनाच गाठेल."

बाईंनी दोरीवरची पिशवी काढून तिच्या हातात दिली.

त्याच संध्याकाळी मी पुन्हा सुरू झालो. सकाळी गच्च भरलेली पिशवी गेली आणि तिच्यात विषाणू सापडला. तीन दिवसांत फवारणी झाली. पांतेलिस कुरकुरत लांब बाह्या घालू लागले. त्या वर्षी आमच्या गावात एकालाही तो ताप आला नाही. हे मी अभिमानाने सांगतो.

ऑगस्टमधल्या गावच्या सणाला शेजारीण माझ्याकडे बघून नाक मुरडत म्हणाली, "आज तरी ही घाण काढ गं!"

"हात लावून तर बघ!" बाई कडाडल्या. "माझ्या म्हाताऱ्याचा जीव आहे त्यात."

मित्रांनो, माझा पंखा पुसा, वायर तुटली तर जोडा. पण पिशवीला हात लावण्याआधी विचारा. नाहीतर गाठ एव्हान्थियाबाईंशी आहे!